धाकट्याचे शहाणे माग

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिन्याशी भांडत नसतील आणि डोळ्यांत थेंब घालायला तू विसरत नसशील, अशी आशा आहे. इकडे सगळं खुशाल आहे. म्हणजे धाकटा खुशाल आहे आणि मी ते बघतो आहे.

वडिलांनी शेडच्या मधोमध भिंत घालून दोघा भावांना अर्धे अर्धे माग दिले, तेव्हापासून पलीकडचा खडखडाट ऐकून मला त्याच्या धंद्याची नाडी कळायची. आता त्याने नवे माग आणलेत आणि ते मेले आवाजच करत नाहीत! भिंतीला कान लावला तरी काम चाललंय की बंद पडलंय, काही पत्ता लागत नाही. (कान शेजारधर्म म्हणून लावतो, गैरसमज नको.) धागा तुटला की त्याचा माग आपणहून थांबतो आणि धाकट्याच्या मोबाईलवर निरोप पाठवतो. माझ्याकडे धागा तुटला की कामगार थांबतो आणि निरोप थेट चहाच्या टपरीवर जातो. त्याच्या छपरावर सौर पॅनेल आहेत. कापड रंगवून उरलेलं पाणी तो साफ करून पुन्हा वापरतो, आणि ते किती साफ आहे हे दाखवायला फाटकाशी काचेच्या टाकीत त्याच पाण्यात मासे सोडलेत. लोक पोरंबाळं घेऊन बघायला येतात आणि जाता जाता मला विचारतात, तुमच्याकडे काय आहे? माझ्याकडे मधुमेह आहे ताई, पण तो टाकीत कसा ठेवू?

वर हा रोज दुपारी कामगारांना स्वतः शिकवतो. माझे कामगारसुद्धा जेवणाच्या सुट्टीत तिकडे जाऊन बसतात आणि परत येऊन मला सांगतात, "शेठ, तुम्ही वीज फार वाया घालवता." लहानपणी ज्याच्या नाड्या मी बांधल्या, त्याच्याकडून माझ्या विजेचा हिशोब!

शेवटी मीही एक नवा माग आणि पाणी साफ करायचं यंत्र घेतलं. विकणारा म्हणाला, आधी आठवडाभर शिकून घ्या. मी म्हटलं, पाणी साफ करायला शिकवणी कशाला? आमच्या घरात ते रोज गाळलं जातं. मासेही घेतले, धाकट्याच्या माशांहून मोठे. मग हॉटेलांना टॉवेल पुरवणाऱ्या एक बाई त्याच्याकडे यायच्या होत्या, त्यांना मी फाटकातच गाठलं आणि अदबीने आमच्या बाजूला वळवलं. (याला पळवणं म्हणत नाहीत, स्वागत म्हणतात.)

माझ्या टाकीतलं पाणी गर्द निळं झालं होतं. मासे आहेत हे मी बाईंना शपथेवर सांगितलं. पांढरे टॉवेलही त्याच पाण्यातून निळे होऊन निघाले होते, ती मी नवी फॅशन म्हणून खपवली. मग माग दाखवायला उभा राहिलो तर माग बंद. मी बाजूला जाऊन कामगाराला ओरडलो की चालू, परत येऊन बाईंना समजावू लागलो की बंद. मला वाटलं, धाकट्याने करणी केली. तेवढ्यात तोच आला. माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "दादा, जरा सरक. तुझं पोट सेन्सरसमोर येतंय. माणूस जवळ आला की तो माग थांबवतो, कुणाचा हात जाऊ नये म्हणून."

मी सरकलो. माग चालू झाला. बाई हसल्या. आणि धाकट्याने काय करावं? माझी टर उडवली असती तर मी वर्षभर सुखाने चिडलो असतो. पण तो बाईंना म्हणाला, "ही आमचीच दुसरी शेड. कापडाची पारख दादाइतकी मला नाही." ऑर्डर दोघांत वाटून मिळाली. त्याने माझे मासेही स्वतःच्या टाकीत नेऊन जगवले. तिथे ते जास्त टवटवीत दिसतात. आता तूच सांग, अशा माणसाचा राग तरी कसा करायचा? तीही सोय त्याने ठेवली नाही.

असो. तब्येतीला जप.

तुझा,
दादा (तुझ्याहून लहान असलो तरी)

ता. क. एक किरकोळ काम होतं. धाकट्याला फोन करून दरडावून सांग की, "दादाला तुझ्या वर्गात बसव, हा माझा हुकूम आहे." म्हणजे माझा नाइलाज होईल. मी सुचवलं हे बोलू नकोस.

ता. क. २. वन्सं, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून ही भर माझी. हे गेल्या आठवड्यापासून वर्गाला जातातच आहेत. टोपी आणि धुळीचा मास्क लावून मागच्या बाकावर बसतात. भाऊजींनी पहिल्याच दिवशी खोकल्यावरून ओळखलं, पण बोलले नाहीत. काल यांनी एक उत्तर बरोबर दिलं तर ते भर वर्गात "शाबास" म्हणाले. घरी आल्यापासून हे शीळ घालताहेत. तेवढा फोन मात्र लवकर करा, मास्कमध्ये फार उकडतं त्यांना.