नावापुढची जागा

धारगळ, पेडणे
ता. २० जानेवारी २०२५

चि. सिद्धीस बाबाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण पाववाल्या पोदेराची सायकल वाजली की उंडे घ्यायला तीच आधी दारात.

तू छपाईसाठी घडवलेल्या अक्षरांचा पुण्याहून पाठवलेला नमुना मिळाला. मागे मी त्यांना टकली म्हटलं, तर तू आठवडाभर फोन केला नाहीस. अजून म्हणतो, टकलीच आहेत. सगळीकडे एकच जाडी, ना पोट ना कंबर. इंग्रजी अक्षरांना तर टोकाचे पायसुद्धा नाहीत. तू त्या पायांना सेरिफ म्हणतेस, मी जन्मभर ट्रकांवर ते नाव न कळताच काढले. तुझी इस्पितळाच्या पाटीला शोभतील. लांबून वाचता येतात, हे मात्र कबूल.

आता बाकाचं. साईशच्या वर्षश्राद्धाआधी बसवायचा होता, तो बसला. हमरस्त्यावरच्या थांब्यावर, त्याला ट्रकाने उडवलं तिथून जवळच. त्या ट्रकावरची अक्षरं माझी नव्हती, एवढं मी तेव्हाच जाऊन बघून आलो होतो. कोणाला सांगितलं नाही.

इथल्या निम्म्या बाकांवरची ‘स्मरणार्थ’ माझ्या हातची. मग पोटच्या पोराचं नाव दुसऱ्याने कसं काढायचं? सकाळी खडूने आखलं, ब्रश घेतला. फार दिवसांनी हात असा चालला. त्याच्या मोबाइलच्या दुकानाची पाटी करायची राहिली ना, तिच्यासाठी योजलेलं वळणच उतरलं. जाड-बारीक, तांबड्याला पिवळी सावली. तुझी आई चहा घेऊन आली, “बरें दिसता,” म्हणाली आणि तिथेच बसून रडली.

दुपारी शेजारचा गोकुळदास बसमधून उतरला. बराच वेळ बघून हळूच म्हणाला, “सगुणबाब, ‘कै.’ खंय? जागोच सोडूंक ना तुवें.”

खरंच सोडली नव्हती. लोकांच्या नावापुढे ‘कै.’ची जागा आधी धरून मगच नाव आखणारा मी! साईशचं नाव बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलंय. टर्पेंटाइन घेऊन दोनदा पुसायला गेलो. हात होत नाही.

तेव्हा तू ये. श्राद्ध पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी चार दिवस काढ. मी काढलेलं नाव तू पूस, मी तिथे थांबणार नाही. मग तुझ्या अक्षरांत सगळं नाव काढ, ‘कै.’सकट. तुझी अरुंद आहेत, मावेल.

माझ्या अक्षरांत तो अजून दुकान उघडायला निघाला आहे, बाय. तुझ्या अक्षरांत तरी तो गेला असं वाचायला मिळू दे. मी अजून रडलेलो नाही.

तुझा नि साईशचा,
बाबा