अप्पांचे शब्दकोडे आणि माझी कात्री

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला एव्हाना थांबला असेल. इकडे अप्पांचा उजवा हात बराच सुधारला होता. डॉक्टरांनी रोज पेपरातले शब्दकोडे सोडवायला सांगितले आहे (हातालाही व्यायाम, डोक्यालाही).

दोन आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी, मी प्रार्थना आटोपली आणि लगेच पाप केले. आदल्या दिवशीच्या कोड्याची उत्तरे ताज्या पेपरात येतात, तेवढा चौकोन कापून खिशात घातला. तोही कापडाच्या कात्रीने (कागदाला लावली की तिची धार जाते, हे आम्हा शिंप्यांना पहिल्या दिवशी शिकवतात). करणार काय? 'कोणीकडूनही वाचा, बघतच असतात, तीन अक्षरे.' उत्तर 'नयन', उलटसुलट सारखेच. अप्पांनी लिहिले 'शेजारी'. 'रात्री उजेड देतो, दोन अक्षरे', तिथे चंद्राऐवजी 'बल्ब'. 'आला की लवकर जात नाही, तीन अक्षरे', तिथे हवा होता पाहुणा. अप्पांनी 'जावई' बसवला (हे दाजींना वाचून दाखवू नकोस). पण आजारपणानंतर चेहऱ्यावर एवढा उत्साह पहिल्यांदाच दिसला, तो मोडवेना. सगळी बरोबर आहेत अप्पा, असे ठोकून दिले. मग रोज कात्री आणि रोज थाप.

दहाव्या दिवशी त्या चौकोनाच्या पाठीमागे नेमकी पाणी बंद राहण्याची सूचना निघाली. तुझी भावजय डोक्याला साबण लावून न्हाणीघरात अडकली आणि तिथूनच ओरडली, "अहो, पेपर वाचायला घेता की कापायला?" अप्पांनी ऐकले. हात पुढे केला. मी खिशातून चौकोन काढून दिला. कालचा पेपर मांडीवर घेऊन त्यांनी एकेक शब्द ताडून पाहिला. मग म्हणाले, "शाळेत तुला नापास करायचो, तेव्हा तुझा पेपर लपवत होतो का रे? चूक दाखवायचो. कळलीच नाही तर सुधारायची कशी?" आणि पेन्सिल खाली ठेवली. आज चार दिवस उचललेली नाही. बोटे पुन्हा आखडू लागलीत. लाल पेनाने तपासून दे, मग पुढचे कोडे, एवढीच त्यांची अट आहे.

ताई, पन्नाशीला आलो. पण ज्यांच्या लाल शाईच्या भीतीने मी गवताच्या गंजीमागे लपायचो, त्यांच्या उत्तरावर फुली मारायला हात धजत नाही. रोज देवाकडे धीर मागतो, आणि तो मिळायच्या आत दुकान उघडायला निघून जातो.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्राचे खरे कारण आता लिहितो. दोन दिवस ये आणि तेवढे तपासून दे. तू वर्गात पहिली यायचीस, तुझी फुली त्यांना लागणार नाही.

पुन्हा ता. क. : ये, पण तपासायला नको. पाकीट चिकटवण्याआधी लाल पेन घेऊन बसलो. बावीसपैकी सहा बरोबर. खाली सहीसुद्धा केली. अप्पांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, "फुल्या फार वाकड्या काढतोस," म्हणाले, आणि पेन्सिल मागितली.