बाईसाहेब जेवत नाहीत

प्रिय आत्या,

तुला वाकून नमस्कार, दादाला आणि वहिनीला नमस्कार, आणि दादाच्या नव्या घरालाही एक नमस्कार, कारण त्याचं कौतुक ऐकून ऐकून इथे आमच्या भिंती खजील झाल्या आहेत. तुझा गुडघा कसा आहे? तिथे लिफ्ट आहे म्हणजे तो मजेत असेल. वडीलधाऱ्यांना पत्रात ‘तुम्ही’ लिहावं असं शाळेत शिकवलं होतं, पण तुला ‘तुम्ही’ म्हटलं की तू लगेच विचारतेस, ‘काय ग, काय फोडलंस?’ म्हणून ‘तू’च लिहिते. मी काही फोडलेलं नाही. (निळी बशी फुटली ती तुझ्या मांजरीने फोडली. तिचाच तर हा सगळा वृत्तांत आहे.)

तुझा निरोप मिळाला होता, की तू आता लेकाकडेच राहायचं ठरवलं आहेस, कायमचं, आणि रविवारी दादाचा ड्रायव्हर येईल त्याच्याबरोबर मांजर पाठवून द्या. ड्रायव्हर आला, चहा प्यायला आणि रिकामी पेटी घेऊन परत गेला. तुला त्याचा राग आला आहे हे मला फोनवरच्या तुझ्या ‘बरं’वरून कळलं. तुझ्या ‘बरं’चे कितीतरी प्रकार मला लहानपणापासून पाठ आहेत, त्यातलं हे शेवटून पहिलं होतं. पण आत्या, फोनवर तू म्हणतेस ‘पटकन बोल’, आणि माझं काहीच पटकन होत नाही. शिवाय तुझ्या मागे दादा ‘कोण आहे, काय म्हणते’ करत असतो. तेव्हा मांजर का पाठवली नाही ते सविस्तर लिहिते. बसून वाच.

तू गेलीस आणि थोड्याच दिवसांत बाईसाहेब आजारी पडल्या. (आमचे बाबा तिला बाईसाहेब म्हणतात हे तुला माहीत आहे. तू तिला जे म्हणतेस ते मी लिहिणार नाही.) बाबांच्या शिलाई मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत ती जी जाऊन पडली ती उठेचना. अंग तापलेलं, नाक कोरडं, समोर ठेवलेल्या माशाकडे बघेना. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना वाटलं, हिने दोरा गिळला. शिंप्याच्या घरातल्या मांजरीने दुसरं काय गिळायचं? मग दुकान बंद करून आम्ही तिघांनी सगळी रिळं काढली आणि कुठल्या रिळाचं टोक तुटलं आहे ते बघत बसलो. सगळ्याच रिळांची टोकं तुटलेली होती, कारण टोक तुटल्याशिवाय शिवण कशी होणार, हे आईच्या लक्षात आलं तोवर अर्धी दुपार गेली होती.

प्राण्यांच्या दवाखान्यात मी आणि बाबा गेलो. डॉक्टरीणबाई गंभीर चेहऱ्याच्या आहेत आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरलेले आहेत, त्यामुळे बघताक्षणी विश्वास बसतो. बाबांनी आत शिरताच जाहीर केलं, ‘मुलगी ग्रॅज्युएट आहे, काय ते तिला सांगा.’ (हे ते हल्ली सगळीकडे सांगतात. मोरी तुंबली तेव्हा प्लंबरलाही सांगितलं.) बाईंनी एक्स-रे काढला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, दोरा नाही, पोटात संसर्ग झाला आहे आणि मनात राग आहे, संसर्गावर माझ्याकडे गोळी आहे. गोळी सकाळ-संध्याकाळ, वर गुलाबी औषध, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पोटात अन्न गेलंच पाहिजे. मांजर फार दिवस उपाशी राहिली तर यकृत जातं. शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर इथे ठेवून नळीने भरवावं लागेल, आणि अशक्तपणात ते तिला सोसेलच असं सांगता येत नाही. मी विचारलं, गोळी द्यायची कशी? त्या म्हणाल्या, ‘ते तुम्ही आणि मांजर मिळून ठरवा.’

हे वाक्य मला फार आवडलं. तुला ठाऊक आहे, मी मानसशास्त्र शिकले ते काही भिंतीवर पदवी लटकवायला नाही. कोणावरही जबरदस्ती करू नये, प्रत्येक जिवाला विश्वासात घ्यावं, हे मी मनापासून मानते. म्हणून तू गेल्यावर लगेच मी घरात एक नियम केला होता, की या घरात यापुढे कोणी कोणावर खेकसायचं नाही. आईला तो पटला. बाबांना तर फारच पटला. मग मी टोपलीपाशी मांडी घालून बसले आणि बाईसाहेबांना शांत आवाजात सगळं समजावून सांगितलं, संसर्ग म्हणजे काय, यकृताचं काम काय, गोळीचे फायदे काय. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली. (वर्गात मी निबंध वाचला होता तेव्हा इतकं शांतपणे कोणी ऐकलं नव्हतं.)

विश्वासात घेऊन झालं, मग आम्ही फसवणुकीकडे वळलो. माशाच्या तुकड्यात गोळी खुपसली. त्या दिवशी तिने खाल्ला तर फक्त तोच तुकडा, आणि गोळी अशी चाटूनपुसून बाजूला काढून ठेवली की बाबा कौतुकाने म्हणाले, ‘टाका उसवावा तर असा!’ गोळी कुटून दुधात घातली, तर तिने वास घेतला आणि बशीभोवती फरशी उकरायला लागली, घाण झाकतात तशी. हे आईला लागलं. ‘मी तापवलेल्या दुधाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही,’ असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरात लावू लागली. खेकसायचं नाही हा नियम होता, भांड्यांविषयी मी काही म्हटलं नव्हतं. निळी बशी याच प्रसंगात गेली, पण पंजा मांजरीचा होता.

नंतर कोणीतरी सांगितलं, टॉवेलात घट्ट गुंडाळायची म्हणजे हलता येत नाही. टॉवेल म्हटल्यावर बाबांच्यातला कारागीर दुखावला. घरात मशीन असताना मुलाने बाजारातून तयार शर्ट आणावा तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी टेप काढला, बाईसाहेबांची मापं घेतली (छाती, लांबी, गळा, कंबर सापडेना), आणि कोटाच्या अस्तराच्या उरलेल्या कापडातून तिच्यासाठी एक पिशवी शिवली, समोर बटणं, वर फक्त डोकं बाहेर. काय सुंदर शिवली होती आत्या! फक्त पुढचे पाय कुठे घालायचे म्हणून त्यांनी बाजूंना दोन बाह्या ठेवल्या, त्याही आतून शिवून बंद. बटणं लावून होईपर्यंत बाईसाहेब पुतळ्यासारख्या बसून राहिल्या. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. तेवढ्यात ती एका बाहीची शिवण उसवून त्या भोकातून सबंध बाहेर आली, शेपटीसकट, आणि पिशवी बटणं लावलेलीच राहिली. बाबा कितीतरी वेळ ती पिशवी उजेडात धरून बघत होते. शेवटी म्हणाले, ‘बाहीचा मुंढा सैल झाला.’

गुलाबी औषधाचं थोडक्यात सांगते. ते बिनसुईच्या सिरिंजमधून गालाच्या कोपऱ्यात सोडायचं असतं. मी सोडलं. तिने डोकं झटकलं. नेमके तेव्हा बँकेतले साहेब फिकट रंगाच्या सुटाची ट्रायल घालून आरशासमोर उभे होते. त्यांनी कॉलरवरच्या गुलाबी ठिपक्यांकडे बघितलं आणि विचारलं, ‘हे असंच राहणार का?’ बाबा आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोलले. म्हणाले, ‘नाही नाही, ही फक्त खूण आहे.’

हे सगळं होईतो गुरुवार उजाडला. हसून लिहिते आहे खरी, पण गुरुवारी सकाळी तिला उचललं तर हातात काही आहे असं वाटेना. नुसती लोकर. आई बटणांची काजं करत होती. बाबांनी दुपारी मशीन चालवलीच नाही. पिशवीचा मुंढा उसवून पुन्हा शिवत बसले होते. जेवायला हाका मारल्या, आले नाहीत. आईने आधी नियमाप्रमाणे गोड हाक मारली. मग जरा कमी गोड. मग तिसऱ्यांदा भात गार झाल्यावर तिचा नियम सुटला आणि ती दारात येऊन ओरडली, ‘अहो, गिळा आता एकदाचं! का मी मेल्यावर गिळणार?’

बाबा ताडकन उठले. आणि त्यांच्यामागून टोपलीतून बाईसाहेब उठल्या. आत्या, खोटं वाटेल तुला. लटपटत आल्या, बशीपाशी बसल्या आणि मासा खाऊ लागल्या. बाबा ताटावर, त्या बशीवर, दोघंही मान खाली घालून. आई ओरडलेलं तोंड तसंच उघडं ठेवून उभी होती.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तेव्हा. तू इतकी वर्षं इथे तुझ्या मधल्या खोलीत दोन्ही वेळा तिची बशी आपटायचीस आणि म्हणायचीस, ‘गिळ ग अवदसे!’ मला वाटायचं, बिचारं जनावर कसं सहन करतं! आणि तिच्या लेखी जेवण तयार आहे याला तोच एक शब्द होता. आम्ही इकडे ‘जेवून घे हं’, ‘दोन घास खा ना ग’ करत होतो, ते तिला पाहुण्यांशी बोलल्यासारखं वाटत असणार. तिला वाटलं असेल, जेवायचं अजून झालेलंच नाही.

त्या संध्याकाळी मी स्वतः म्हणून पाहिलं. मन घट्ट केलं, बशी आपटली आणि म्हणाले, ‘गिळ हं.’ तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. बाबा म्हणाले, ‘गिळावं बाईसाहेब.’ तेही वाया गेलं. तो शब्द फक्त खऱ्या रागातून उतरतो आणि आईला खरा राग फक्त बाबांचा येतो. म्हणून हल्ली बाबा रोज दोन्ही वेळा मुद्दाम जेवायला उशीर करतात. आई चिडते, मांजर जेवते. गोळीचंही असंच एकदा रागाच्या भरात झालं. आईने बाबांवर ओरडता ओरडता मांजरीचा जबडा उघडला, सुई ओवावी तशी गोळी आत टाकली, ‘गिळ!’ म्हणाली, आणि मग काय केलं ते कळून खुर्चीत बसली. तेव्हापासून गोळीही जाते. (परवा तुला फोन करून मी म्हटलं होतं ना, ‘आत्या, जरा माझ्यावर रागाव ना’? फोन बशीपाशी धरला होता. तू इतक्या मायेने विचारलंस, ‘बरी आहेस ना ग सोन्या?’ की मांजर उठून निघून गेली.)

तर अशी परिस्थिती आहे. ती जगली हे खरं, पण फार अशक्त आहे, आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवास करायची सक्त मनाई केली आहे. बराच काळ. म्हणून पाठवली नाही. राग मानू नकोस. गुडघ्याला जप. दादा-वहिनींना पुन्हा नमस्कार.

तुझी,
भाची

ता. क. पत्र टाकायला बाबांकडे दिलं तर त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि परत आणून दिलं. म्हणतात, डॉक्टरीणबाई असं म्हणाल्याच नाहीत, तू खोटं का लिहितेस? तेव्हा खरं लिहिते. कालच दाखवून आणली. ताप नाही, वजन वाढलं, कुठेही न्या म्हणाल्या. येताना पेटीच्या फटीतून पंजा काढून तिने रिक्षावाल्याला झोडपलं.

पुन्हा ता. क. ड्रायव्हर आला त्या रविवारी ती कपाटावर बसून त्याच्याकडे बघत होती. चांगली ठणठणीत. आई म्हणाली, ‘झोपली आहे हो, उठवू नका.’ मांजर गेली की मधल्या खोलीत तुझं काहीच उरत नाही, हे आईने मला नंतर सांगितलं, आणि लगेच म्हणाली, हे लिहू नकोस. म्हणून लिहिते आहे.

शेवटचं ता. क. मांजर पाठवणार नाही. तुला हवी असेल तर स्वतः येऊन ने. दादाला सांग, मांजर आणायला चालले. त्याने विचारलं, परत कधी येणार, तर सांग, ते मांजरीच्या मनावर आहे.