बिशपच्या कागदांतली नक्षी

श्रूजबरी,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय अनिलकाका,
स. न. वि. वि.

काका, आनंदाच्या भरात लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या! माझ्या पीएचडीचे बिशप मानुएल आठवतात ना? आपल्या वसईचे, साडेतीनशे वर्षांपूर्वीचे. गोव्यात देशी म्हणून धर्मगुरूची दीक्षा नाकारली, तर पठ्ठ्या थेट रोमला गेला आणि बिशप होऊनच परतला. तरी पोर्तुगीजांनी त्याला गावात पाऊल ठेवू दिलं नाही. माझ्या गाइडबाई म्हणतात, पदापायी घर विसरलेला माणूस, आईला एक ओळ लिहिल्याचा पुरावा नाही. माझं मन मानत नाही, पण महिनाअखेर चॅप्टर द्यायचाय.

लायब्ररीतल्या त्याच्या कागदांत एक पान आहे. यादीत ‘किनारीची नक्षी’ म्हणून नोंदलेलं. दोन वर्षं मीही नक्षीच समजत होते. आज ते उलटं फिरवलं आणि उडालेच. काका, ती मोडी आहे! तुमची हयात वसईच्या भूमी अभिलेखात मोडी वाचण्यात गेली. स्क्रीनवर तुम्हाला वाचवत नाही, म्हणून प्रिंट पाठवतेय.

लोभ आहेच, तो या आठवड्यापुरता दुप्पट करावा.

तुमची पुतणी,
नीना

डब्लिन,
११ ऑक्टोबर २०२५

चि. नीनास,
अनेक आशीर्वाद.

अगं, स. न. वि. वि. बँकेच्या मॅनेजरला लिहितात, सख्ख्या काकाला नव्हे! पण आज सगळं माफ. तीन दिवस भिंग घेऊन बसलोय, सूनबाई ताट गरम करून करून थकली.

ते पत्र आहे. पहिलीच ओळ: ‘तीर्थरूप मातोश्रींचे सेवेसी अपत्य बाळ्याचा शिरसाष्टांग नमस्कार.’ ज्याच्यापुढे लोक गुडघे टेकायचे, तो आईपुढे बाळ्याच! पुढे लिहितो, वेशीपाशी तीन दिवस थांबलो, आत सोडले नाही, आपल्या चर्चची घंटा तेवढी ऐकली. आणि शेवटी विचारतो, तू मला विसरली तर नाहीस? इथे माझं भिंग ओलं झालं.

प्रिंटच्या कडेला मोहोरेची लाख दिसते. ती कधी फोडली, ते बघ.

काकावर राग नसावा, माया असावी.

अनिलकाका

श्रूजबरी,
१८ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप काकांच्या चरणी नीनाचा शिरसाष्टांग नमस्कार (यापुढे हाच!).

गाइडबाईंनी तुमचं वाचन दोनदा ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, चॅप्टरचा शेवट तूच नव्याने लिही. जिंकलो काका!

मोहोरेचं मात्र वाईट वाटलं. लायब्ररीच्या जुन्या नोंदीप्रमाणे ती बिशप वारल्यावर फोडली. म्हणजे पत्र कधी गेलंच नाही. वसईला ममाला फोनवर सांगताना मला रडू आलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग आता पोहोचवू. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला जमेल, तेव्हा ती ते पत्र वाचणार आहे. त्याच्या आईची कबर कुठली, हे आता कुणालाच ठाऊक नाही. म्हणून ममा म्हणते, सगळ्या कबरींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचीन.

तेव्हा काका, तुमच्या अक्षरात एक स्वच्छ देवनागरी प्रत ममाला लगेच पाठवा. या वेळी टपाल चुकायला नको.

लोभाची मालकीण,
आपलं अपत्य नीना