प्रकाशच्या खोलीतलं अंथरूण

पापाटोएटो, ऑकलंड, न्यूझीलंड, ६ मार्च २०१७

ती. स्व. आनंदीआत्यास विमलचा शि. सा. नमस्कार.

इकडं आम्ही बरे. फोनच केला असता, पण तुझा फोन घरात सगळ्यांसमोर वाजतो. अक्षराला हसू नको, सातवीनंतर वही बघितली नाही.

संग्रामदादाचं आणि क्षितिजचं लग्न २२ एप्रिलला, वेलिंग्टनला. पाव्हण्यांचं सगळं माझ्याकडं आहे. आमची इकडची नऊ माणसं व्हॅननं जाणार, नऊ तास. क्षितिजकडची पामर्स्टन नॉर्थहून. सगळे वेलिंग्टनजवळ पोरिरुआला दादाच्या घरी झोपणार. कोण कुठं, ते मी ठरवायचं. फक्त एक खोली दादानं ठरवलीय. प्रकाशच्या खोलीत मी आणि माझी लेक स्वरदा. दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणाला. लग्नाच्या कागदावर साक्षीदाराची सही पण मीच करायची.

प्रकाश म्हणजे तुला दादाचा रूमपार्टनर म्हणून सांगितलेला, तो. रूमपार्टनर नव्हता. पाच वर्षं दोघं एकत्र राहिले, मग तो कॅन्सरनं त्याच खोलीत गेला.

आत्या, मी पाप केलंय. स्वरदा महिन्याची असताना तो तिला बघायला एवढ्या लांब आला. नुसती हाडं राहिली होती. मला वाटलं, त्याचं काही लेकराला लागेल. मी खोटंच सांगितलं, झोपलीय. ती मागच्या खोलीत जागी होती. तो तासभर बसून राहिला. मग ती रडली. त्यानं ऐकलं, माझ्याकडं बघितलं, चपला घातल्या आणि गेला. तीन आठवड्यांत वारला.

हे कुणाला ठाऊक नाही. आता स्वरदा भर दुपारी दाराकडं बघून दोन्ही हात वर करते, घे म्हणून. दारात कुणी नसतं. त्या खोलीत मला तिला नेववत नाही. तुझ्या गळ्यात गेलेल्या सवतीचा टाक आहे, तसा प्रकाशचा करून क्षितिजच्या गळ्यात घातला तर तो शांत होईल का?

माया पातळ करू नको.
तुझी विमल


फलटण, २४ मार्च २०१७

चि. विमल हीस आनंदीआत्याचे अनेक आशीर्वाद.

अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, तरी वाचलं. रूमपार्टनर म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हातारी आहे, आंधळी नाही.

आमच्या मालकांची पहिली बायको बाळंतपणात गेली. मी या घरात आले त्याच दिवशी तिच्या नावाचा चांदीचा टाक, तिनं त्रास देऊ नये म्हणून, माझ्या गळ्यात घातला. वर्षभर भ्याले. पण मी तिचं काही हिसकावलं नव्हतं, म्हणून भीती गेली. तुझं तसं नाही. तू केलंस ते क्षितिजच्या गळ्यात कशाला बांधतेस गं येडे? त्यानं काय केलंय? टाकबिक काही नको. संग्रामला सांग, आणि लग्नाच्या आधी सांग.

पोरीची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढ. निदान तुझं मन थाऱ्यावर येईल.

पाव्हण्यांना पोटभर वाढ, आणि मला दोन ओळी टाकत जा.
आनंदी


पापाटोएटो, २५ एप्रिल २०१७

ती. स्व. आत्यास शि. सा. नमस्कार.

लग्न झालं.

शुक्रवारी व्हॅन पोचली. त्या खोलीत दादा आणि मी गादीवर चादर घालत होतो. तेव्हा सांगितलं. सगळं.

दादानं हातातलं चादरीचं टोक गादीखाली खोचलं. मग म्हणाला की प्रकाशनं घरी येऊन वेगळंच सांगितलं होतं. ‘विमलनं लेकरू लगेच मांडीवर दिलं, पोरीनं माझं बोट धरलं, दुधाचा वास येत होता.’ शेवटच्या दिवसांत हेच परत परत सांगायचा. घरच्यांपैकी तू एकटीनं त्याला आपलं मानलंस, म्हणून ही खोली तुझी होती, दादा म्हणाला. सहीसुद्धा.

प्रकाशनं माझी लाज झाकली होती, आणि मी त्यालाच भीत होते. आता जास्तच भीती वाटते.

सकाळी दादा म्हणाला की सही क्षितिजची बहीण मैत्रेयी करील. मी बरं म्हटलं. हॉलमधे पाव्हण्यांना बसवलं. सगळे बसल्यावर दादा माझ्यापाशी आला आणि स्वरदाला माझ्या कडेवरून घेतलं. तिला घेऊनच उभा राहिला, घेऊनच वचन दिलं, एका हातानं सही केली. तिचा मोजा पडला तो क्षितिजनं उचलून घातला. ती दादाच्या खांद्यावर झोपली. जेवणं झाली, फोटो झाले, पाव्हणे निघायला लागले, तरी त्यानं तिला खाली ठेवलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी मागितली नाही.

तू तरी माया काढून घेऊ नको.
तुझी विमल