हजारात तीन

१ मार्च
आमच्या एचआयव्ही तपासणी केंद्रात नवी समुपदेशक आली. वय सव्वीस. दोन दिवसांत सगळे तिला ताई म्हणायला लागले. मी इथे एकोणीस वर्षं रक्त काढतोय, मला अजून ‘ओ सुईवाले’. असो. मत्सर आपल्या रक्तातच नाही.

६ मार्च
एका ड्रायव्हरला मी सांगितलं होतं, काँडम वापर आणि नीट वाग. आज तो ताईकडे गेला. रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी कशी मिळते, काँडमही का सोडायचा नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी का, असं सगळं विचारून खुशीत बाहेर पडला. मलाही माहीत होतं की! मला विचारलं कुठे?

१२ मार्च
कहर! स्टाफला सेफ्टी ट्रेनिंग देण्याचं काम केंद्राच्या डॉक्टरबाईंनी ताईला दिलं. ते माझं होतं. बेचाळीस स्लाइड्स. लोक डोळे मिटून ऐकायचे, इतके एकाग्र. ठरलं, तिच्या ट्रेनिंगला फिरकायचं नाही.

१८ मार्च, सोमवार, सकाळी ११.२०
शेजारच्या हॉलमधून हसण्याचे आवाज. एचआयव्हीवर हसतात! वापरलेल्या सुईला टोपण लावू नका, सरळ सुयांच्या डब्यात टाका, असं ती सांगत होती. माझीच स्लाइड, नंबर सात. ते ऐकण्याच्या नादात मी एका पेशंटचं रक्त काढलेल्या सुईला टोपण लावायला गेलो. सुई अंगठ्यात.

११.२२
अंगठा तोंडात घातला. लगेच काढला. असं करू नये, स्लाइड नऊ. साबणाने धुतला.

दुपारी १
त्या पेशंटचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्याचं औषध अजून सुरू नाही. बरं, सुईतून लागण होण्याचा धोका हजारात तीन. म्हणजे नऊशे सत्त्याण्णव माझ्या बाजूने. एवढं बहुमत घरातही मिळत नाही. टोचल्यावर लागण टाळायचं औषध अठ्ठावीस दिवसांचं. जितक्या लवकर तितकं बरं, पण बहात्तर तासांपर्यंत चालतं. फॉर्म मात्र ताई भरते. तिला सांगायचं, सुई कशी टोचली? छे. उद्या रजेवर असेल ती.

१९ मार्च
रजेवर नाही. तीनदा तिच्या दारात गेलो. एकदा पेन मागितलं. एकदा खिडकी लावू का विचारलं. तिसऱ्यांदा तिनंच विचारलं, काका, काही सांगायचंय का? काका! आल्या पावली परतलो.
घरी बायकोपासून लांब राहायला कंबर धरल्याचं सांगून जमिनीवर अंथरूण टाकलं. बिचारीनं शेकायची पिशवी आणून दिली. फार वाईट वाटलं.

२० मार्च, बुधवार, सकाळी ९.४०
सेहेचाळीस तास झाले. पेशंटची शीर सापडेना. गेलो. ताई हसली नाही. उपदेशही नाही. डॉक्टरबाईंना लगेच बोलावलं, माझं रक्त घ्यायला लावलं, रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका म्हणत गोळी आणि पाणी हातात दिलं. तीन महिने काँडम वापरा, रक्तदान नको, घरी सांगा, एवढंच बोलली. एखादी तरी चूक करायची होती तिने!

२४ मार्च
गोळ्यांनी मळमळतंय. त्यात हिला माझ्या खिशात काँडमचं पाकीट सापडलं. कोणी दिलं, असं विचारलं. घाबरून म्हणालो, ताईनं. मग जे झालं ते लिहीत नाही. शेवटी सुई टोचल्याचं सांगितलं. वार वगैरे तपशील गाळले.

२५ मार्च
तरी ही ताईशी भांडायला गेली. येताना तिचा फोन नंबर घेऊन आली. किती गोड मुलगी आहे म्हणे. आता माझी बायकोही तिचीच.

१८ जून
तीन महिन्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह! घरी जाऊन जाहीर केलं. बघ, म्हटलं, सोमवारी टोचली, बुधवारी गोळी घेतली, तरी काही झालं नाही. आपला अभ्यासच तसा.
हिने विचारलं, बुधवारी का? गोळ्या तर तिथेच होत्या ना?
मी हजारात तीन समजावायला लागलो. ही म्हणाली, आकडे नकोत, तुम्ही का थांबलात ते सांगा.
सांगितलं. त्या पोरीपुढे जायची लाज वाटत होती. जळत होतो तिच्यावर. आणि तेव्हापासून आजपर्यंत भीत होतो.
ही मटकन खाली बसली आणि रडायला लागली. म्हणाली, तीन महिने रोज मनात मेले हो मी. मला वाटत होतं, भीती फक्त मलाच वाटतेय.