चिंचोक्यांची करंजी

बोरगाव (मेघे), वर्धा
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९८१

ती. शकुताईस,

सुमीचा वाकून नमस्कार. (वाकते आहे ती कागदावरच, कंबर अजून तशीच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? जाम गावच्या तुमच्या घरासमोरून रात्रंदिवस ट्रक जातात म्हणून झोप लागत नाही, असं तू लिहिलं होतंस, आणि त्याच पत्रात पुढे भाऊजींना दहादा हाक मारून उठवावं लागतं असंही लिहिलं होतंस, तेव्हा ट्रकांचा त्रास फक्त तुलाच होतो असं दिसतं. कपाशीला बोंडं बरी धरली असतील. इकडे सगळे खुशाल आहेत. आमच्या यांचा मधुमेहही खुशाल आहे, आणि खरं तर त्याचंच हे पत्र.

तुला ठाऊकच आहे, सुधीर आणि सूनबाई दोघंही मुंबईत नोकरीवर, घरी पोरीला बघायला कोणी नाही, म्हणून जूनपासून केतकी आमच्याकडे आहे. नऊ वर्षांची पोर, पण तीन महिने घरात आहे की नाही कळू नये अशी राहिली. शाळेतून आली की खिडकीत पुस्तक घेऊन बसायची, आणि गल्लीत मुली खेळायला लागल्या की पुस्तक जरा वर धरायची, म्हणजे तोंड दिसू नये. मुली तिला ‘बंबईवाली’ म्हणत. सुधीरला कोणी कळवलं देव जाणे (हे म्हणतात मीच कळवलं), त्याचं पत्र आलं की तिचं मन रमत नसेल तर दिवाळीला येऊन घेऊन जातो, डोंगरावरच्या एका कॉन्व्हेंटच्या होस्टेलात जागा मिळते आहे. आणि खाली लिहिलं, ‘आई, तूही होस्टेलातच वाढलीस, तुझं काय बिघडलं?’ काय बिघडलं ते त्याला कसं सांगू, ताई? सिस्टरांनी मला पुष्कळ दिलं. भरतकाम शिकवलं, सुवाच्य अक्षर दिलं, सुरीने कापून आंबा कसा खावा तेही शिकवलं (पुढची वीस वर्षं मला आंब्याची चव लागली नाही). पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू घरी राहिलीस आणि मला नागपूरला पाठवलं, आणि दरवर्षी भुलाबाईच्या महिन्यात तू पत्रात लिहायचीस, ‘आज डब्यात काय होतं ते ओळख’, आणि उत्तर पुढच्या पत्रात. पंधरा पंधरा दिवस मी ओळखत बसायची. भूगोलाच्या पुस्तकामागे मी मनातल्या मनात किती अनारसे खाल्ले असतील, त्याचा हिशेब कुठल्याच सिस्टरला लागला नसता.

म्हणून ठरवलं की यंदा आपल्या घरी भुलाबाई बसवायची. तुला यात काय सांगायचं, पण मला अठ्ठावन्नाव्या वर्षी सगळं मागच्या घरातल्या तानाबाईंकडून शिकावं लागलं (त्यांचं माहेर आंजीचं, त्यामुळे त्यांना सगळं येतं आणि येत नाही तेही येतं). भुलाबाई आणि भुलोजी मातीचे आणायचे, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणायची, आणि घरच्या मुलीने खाऊचा बंद डबा वाजवून दाखवायचा. ओळखला तर मुली जिंकल्या, नाही तर घर जिंकलं. तानाबाईंनी पाच गाणी सांगितली, त्यातली दोन मला पाठ झाली. कमी पडू नयेत म्हणून एक मी स्वतः रचलं. चाल मात्र मला नाताळच्या प्रार्थनांखेरीज येत नाही, तेव्हा तीच लावली. तानाबाई म्हणाल्या, चाल जराशी येगळी वाटून राह्यली, पण देवाचीच वाटते. आता अख्खं बोरगाव ती म्हणतं.

पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या. केतकी नवा परकर नेसून डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते. डब्यात मी सकाळीच गोड शंकरपाळे भरून ठेवले होते. गाणी झाली, तिने डबा वाजवला, मुलींनी शेव म्हटलं, फुटाणे म्हटलं, शंकरपाळेही म्हटलं, आणि ते ऐकून केतकीने मान खाली घातली. मला वाटलं हरली म्हणून घातली. मी झाकण उघडलं, तर आत चिंचोके.

कोपऱ्यात आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते. ते उलटं होतं. (शंकरपाळे खाल्ले हे नंतर कबूल केलं, पण चिंचोके आपण टाकले नाहीत असं अजूनही म्हणतात. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाने कुठलीही गोष्ट पूर्ण कबूल केलेली मला आठवत नाही.) सतरा मुली डब्यात बघताहेत, कोणी तरी फिसकन हसलं, आणि केतकीचा चेहरा असा झाला की मला माझी होस्टेलातली लोखंडी खाट आठवली. ताई, मी आयुष्यात इतकं खोटं एका दमात कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, आमच्या घराण्याची जुनी रीत आहे. पहिल्या दिवशी डब्यात चिंचोके. प्रत्येकीने एक घरी न्यायचा, महिनाभर जपायचा, कोजागिरीला परत आणायचा, आणि दर चिंचोक्यामागे या घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाने आपल्या हाताने एक करंजी करून द्यायची. वर्तमानपत्र खाली आलं.

एका मुलीने केतकीला विचारलं, “काऊन व, तुह्या घरी खरंच असं असते?”

केतकीने हनुवटी वर केली. “हो. आमच्या घरी असंच असतं.” तीन महिन्यांत गल्लीशी बोललेलं ते तिचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीखाली हाका सुरू झाल्या, आणि पुस्तक आठवड्याने मला कणगीमागे सापडलं. काल कोजागिरी. चंद्र वर यायच्या आतच मुली हजर, आणि चिंचोके निघाले त्रेचाळीस. हे म्हणाले, मूळ चिंचोक्यांवर सही-शिक्का मारायला हवा होता. पण तानाबाईंचे यजमान तानबाही मधे पडले (एरवी कधी बोलत नाहीत), म्हणाले, रीत म्हंजे रीत, कचेरीतल्या मानसानं मांगं हटू नये. मग पदराच्या जागी टॉवेल खोचून हे पाटावर बसले. पहिल्या पाच करंज्या चपलेसारख्या झाल्या, तेलात दोन फुटल्या, सारणाची चव बघण्यावर मी आणि केतकीने आळीपाळीने पहारा ठेवला. एकतिसाव्या करंजीला कड नीट मुरडली गेली तेव्हा हे मुलींकडे असे बघत होते की जणू बढतीचा कागद आला. आणि गंमत ऐक, तानाबाई आता सगळ्यांना सांगतात की आंजीलेही जुन्या काळी असंच व्हते.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना तीळतेल चोळ.

तुझी,
सुमी

ता. क. तुझ्याकडची मोठी कढई दिवाळीसाठी हवी होती. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

ता. क. २. कढई राहू दे. खरं काम असं, की सुधीर दिवाळीला येतो आहे आणि तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. तू त्याला वडीलकीच्या नात्याने लिही, की आपल्या आईच्या वेळेपासून चिंचोक्याची ही रीत आहे, आणि ज्या मुलीने ती सुरू केली तिने पाच वर्षं त्याच घरी, खंड न पाडता करावी लागते. पाचच्या जागी सात लिहिलंस तरी माझी हरकत नाही. केतकीही तुला पत्राने विचारणार आहे. तिलाही ‘हो’ म्हणून कळव. पोर भोळी आहे, तिचा सगळ्यावर विश्वास बसला आहे.

ता. क. ३. मोठ्या आजी, आजीनं पत्र पेटीत टाकायले मले देलं. पाकीट चिपकवलं नव्हतं म्हणून वाचलं. चिंचोके मीच टाकलेते. आजोबा शंकरपाळे खाऊन राह्यलेते ते मी पाह्यलं, मंग डबा वाजला नाही तर आजी त्यांले रागावली असती. आजीले सांगू नका. बाबांले सात वर्षं लिहा. पाकिटात एक चिंचोका टाकला आहे, तो घेऊन येजा, त्याची करंजी आजोबा करून देतीन. — केतकी